काडी चालते कशी?

आगपेटीतली काडी आपोआप बाहेर येऊन टेबलावरून चालत गेली, असे पडद्यावर दिसले तर तुम्ही म्हणाल, दोरा बांधला असेल! दोराबिरा काही नसतो. काडी जराशी सरकवायची, फोटो घ्यायचा. पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर दाखवले की काडी चालल्याचा भास होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा असाच चित्रपट केला.

त्याआधीची, १९१२ सालची हकिकत तर फारच छान आहे. दादासाहेबांनी विलायतेहून कॅमेरा आणला होता, पण चित्रपटासाठी पैसा द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि दिवसांमागून दिवस त्याची चित्रे घेतली. मधेच कॅमेऱ्याला धक्का लागता तर सगळी मेहनत पाण्यात! पडद्यावर बी रुजून बघता बघता रोप वाढलेले दिसले, आणि भांडवल मिळाले. त्यातूनच पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला.

आता आपण दहा सेकंदांचा चित्रपट आखू. गोष्ट एवढीच: काडी पेटीतून निघते आणि खडूपाशी जाते. आधी पाटीवर चार चौकटी आखून त्यांत गोष्ट काढा व प्रत्येक चौकटीखाली सेकंद लिहा. ही पायरी मुले हमखास गाळतात. पण पाटीवर चुकले तर पुसता येते, फोटो काढून झाल्यावर काय पुसणार?

मग हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे लागतात. आपल्याला १२ पुरेत. म्हणजे १० सेकंदांना १२० फोटो. काडीला ६० सें.मी. जायचे असेल तर दर वेळी अर्धाच सें.मी. सरकवायची. टेबलावर पट्टीने आधीच बारीक खुणा करा.

पेटी डिंकाने चिकटवा. मोबाईल विटांमध्ये घट्ट बसवा. उन्हात काम नको, कारण ऊन सरकते आणि सावलीही सरकते. दारे लावून दिव्याखाली बसा (वीज टिकेल असा दिवस बघा!). एकाने काडी सरकवावी, दुसऱ्याने बटण दाबावे, तिसऱ्याने वहीत फोटोचा आकडा मांडावा. काडीवाल्याचा हात बाजूला झाल्याशिवाय बटण दाबायचे नाही.

काडी पेटलेली दाखवायची हौस असेल तर लाल कागदाची ज्योत चिकटवा. खरी पेटवू नका हं!