साडेतीनशे सीसी म्हणजे काय रे भाऊ?

कॅन्टीनमध्ये गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती बीएचपी?" दुसरा, "टॉप स्पीड किती?" आणि तिसरा, जो फक्त घरचे विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मित्रांनो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ब्रोशरमध्ये असतात. पण रोज कॉलेजला येण्या-जाण्यासाठी मोठी गाडी घ्यायची असेल, तर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. ही गाडी मला झेपते का? आणि मला पाहिजे तिथे ती थांबते का?

मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५२ किलो. काकांची बदली बंगळुरूला झाली आणि त्यांची २०२२ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आमच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. स्कूटर दादाकडे, त्यामुळे तळेगाव ते आकुर्डी जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर मी याच गाडीवर करते. आईने एक सेमिस्टरची मुदत दिली होती. म्हणाली, "ही गाडी परवडते आणि सेफ आहे, हे वहीत लिहून दाखव. नाहीतर बस आहेच." म्हणून हा सगळा हिशोब! माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठीत इंग्रजी शब्द आले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

मिडलवेट कोणाला म्हणायचं?

याची जगभर चालणारी एकच व्याख्या नाही. युरोप-अमेरिकेत सहाशे-सातशे सीसीच्या गाडीला मिडलवेट म्हणतात. आपल्याकडे साधारण २५० ते ७५० सीसी हा मधला गट समजतात. त्यातही ३५० ची रेघ महत्त्वाची, कारण टॅक्स तिथे बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांत ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के आणि त्यावरच्या दुचाकीला ४० टक्के कर लागला. म्हणजे सीसीचा आकडा इंजिनाइतकाच खिशाशीही संबंधित आहे.

आता सीसी म्हणजे काय, तर पिस्टन वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतो तेवढे घन सेंटिमीटर. क्लासिकचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर. सिलिंडरच्या घनफळाचं सूत्र दहावीचंच आहे, आकडे घाला, ३४९ येतात. आता आपल्या शेजारच्या चाकणला तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० घ्या. तिचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६४, म्हणून ३९८ सीसी. एक सिलिंडर उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि रुंद. पहिल्याला लाँग स्ट्रोक म्हणतात, दुसऱ्याला शॉर्ट स्ट्रोक. दोघींचे स्वभाव वेगळे होण्याचं एक मोठं कारण इथेच आहे.

टॉर्क आणि पॉवर

गॅरेजमध्ये ज्याला "पिकअप" म्हणतात त्याच्या मागे टॉर्क असतो. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. पॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने फिरतोय त्याचा गुणाकार. क्लासिकचा जास्तीत जास्त टॉर्क २७ न्यूटन-मीटर, तो ४००० आरपीएमला मिळतो. जास्तीत जास्त पॉवर २०.२ बीएचपी, ती ६१०० ला. स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये आली तेव्हा तिचे आकडे होते ३७.५ न्यूटन-मीटर ६५०० ला आणि ४० पीएस ८००० ला. कागदावर दुप्पट!

पण थांबा. ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर म्हणजे पॉवर किती? आरपीएमचं रेडियन प्रति सेकंद केलं की ४१९ येतात, त्याला २७ ने गुणलं की ११.३ किलोवॅट, म्हणजे १५ हॉर्सपॉवर. इंजिन अजून ओरडायला लागलेलं नसतानाच आपली तीन-चतुर्थांश पॉवर हातात देऊन बसलेलं असतं.

आता रोजच्या रस्त्यावर लागते किती, ते पाहू. गाडी १९५ किलो, मी आणि दप्तर-हेल्मेट मिळून ६०, एकूण २५५ किलो. सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जाताना दोनच गोष्टी अडवतात, हवा आणि टायरचं घर्षण. मी हवेसाठी ड्रॅग एरिया ०.६ चौरस मीटर आणि टायरसाठी ०.०२ हा गुणांक धरला. हवेचे ९६ न्यूटन, टायरचे ५०. याला वेगाने गुणलं तर जेमतेम अडीच किलोवॅट, म्हणजे साडेतीन हॉर्सपॉवरसुद्धा नाही! ताशी १०० ला हाच आकडा ९ किलोवॅटच्या जवळ जातो, कारण हवेशी लढायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

थोडक्यात, जुन्या मुंबई-पुणे हायवेवर मला स्पीड ४०० च्या चाळीस घोड्यांची गरजच पडत नाही. (एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदीच आहे, त्यामुळे तिथला प्रश्न येत नाही.) गरज पडते ती सिग्नलवरून शांतपणे निघायची, मागे मैत्रीण बसलेली असताना खंडाळ्याचा चढ चढायची, आणि सारखे गिअर न बदलण्याची. त्यासाठी खालच्या आरपीएमचा टॉर्क पाहिजे. ज्याला ट्रॅक डे करायचेत त्याने दुसरी गाडी घ्यावी, माझं काही भांडण नाही. पण गाडी घेताना आपला काटा दिवसभर कुठे असतो ते आधी बघा आणि मग ब्रोशरमधला आकडा वाचा.

१९५ किलो कोण उचलणार?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. उत्तर असं की गाडी उचलायची नसतेच, पडू द्यायची नसते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरा. गाडी सरळ उभी असेल तर तिचं सगळं वजन टायरवर, माझ्या हातावर शून्य. ती १० अंश कलली तर हँडलला धरून ठेवायला साधारण १६ किलोचा जोर लागतो. तीच ३० अंश कलली तर ४६ किलोचा! म्हणजे जवळपास माझ्या वजनाएवढा. तिथून ती परत आणणं माझ्याच्याने होणार नाही, आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या बऱ्याच वीरांच्यानेही होणार नाही.

म्हणून काही सवयी लावून घेतल्या. गाडी ढकलताना सीटचा कडा कमरेला टेकवून ठेवायचा. उतारावर तोंड खाली करून पार्क करायची नाही, कारण मागे ओढावी लागते. थांबताना हँडल सरळ हवं. सीट ८०५ मिलिमीटर उंच, त्यामुळे माझे दोन्ही चवडे टेकतात पण टाचा नाही. मग थांबायच्या आधीच खड्डा, वाळू बघून पाय कुठे ठेवायचा ते ठरवायचं. हे जमलं की वजनाची भीती पंधरा दिवसांत जाते.

मुख्य मुद्दा : थांबणं

आमच्याच वर्गातला एक मित्र गेल्या पावसाळ्यात देहूरोडच्या पुढे पडला. समोर टेम्पो थांबला, याने मागचा ब्रेक जोरात दाबला. गाडी थांबली नाही, नुसती घसरत गेली. पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर, दोन पेपर बुडाले. पुढचा ब्रेक का नाही दाबलास, असं विचारल्यावर म्हणाला, "पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो, असं लहानपणापासून ऐकलंय." हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. म्हणून गणित करून पाहिलं.

ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. क्लासिकचा व्हीलबेस १३९० मिलिमीटर आहे. माझ्यासकट गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंच, आणि उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर निम्मं-निम्मं धरलं. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.७ धरून पूर्ण ब्रेक लावला, तर ८० टक्के वजन पुढच्या चाकावर जातं. मागे उरतं फक्त २० टक्के. ज्या टायरवर वजनच नाही तो टायर रस्ता धरणार कसा?

ताशी ६० वरून थांबायला लागणारं अंतर असं येतं :

कोरडा रस्ता, दोन्ही ब्रेक : २० मीटर.
कोरडा रस्ता, फक्त मागचा : ५३ मीटर.
ओला रस्ता (गुणांक ०.४), दोन्ही ब्रेक : ३५ मीटर.
ओला रस्ता, फक्त मागचा : ८३ मीटर.

यात प्रत्येक ओळीत आणखी १७ मीटर मिळवा, कारण टेम्पोचे लाल दिवे दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद तरी जातो. आता पावसात आपण पुढच्या गाडीच्या मागे किती अंतर ठेवतो ते आठवून बघा!

आणि उडण्याचं काय? याच आकड्यांनी गाडी पुढे उलटायला १.१६ जी एवढं मंदन लागतं. ०.७ ला टायरच घसरेल, म्हणजे उलटण्याच्या आधी चाक लॉक होईल. ते लॉक होऊ नये म्हणून एबीएस. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. पण काही गाड्यांत ते सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला असतं. सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की विचारा. आणि एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, रस्त्याची पकड वाढवत नाही. वाळूवर, शेवाळावर, वळणात झुकलेलं असताना वरचं गणित चालत नाही. तिथे आधीच हळू जाणं हाच ब्रेक.

अजून एक गंमत. थांबण्याच्या अंतराच्या सूत्रात वस्तुमान कटून जातं. म्हणजे "जड गाडी लवकर थांबत नाही" हे पूर्ण खरं नाही. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा मात्र वजनाप्रमाणे वाढते. ताशी ६० ला माझ्या गाडीची ३५ किलोज्यूल, होंडा अ‍ॅक्टिव्हासारख्या साधारण १०७ किलोच्या स्कूटरची माझ्यासकट २३. दीडपट उष्णता, म्हणून मोठी डिस्क, आणि म्हणून पॅडकडे लक्ष!

वही काय म्हणते?

महिन्याला ९६० किलोमीटर होतात. माझ्या हाताला लिटरला ३५ मिळतात, म्हणजे साडेसत्तावीस लिटर. स्कूटर ४८ द्यायची, म्हणजे तिला वीसच लागले असते. साडेसात लिटर जास्त, आजच्या भावाने तुम्हीच गुणा. कारण उघड आहे. प्रत्येक सिग्नलला दीडपट ऊर्जा द्यायची आणि पुढच्या सिग्नलला तीच ब्रेकमध्ये जाळायची. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसला की मी आधीच थ्रॉटल सोडते.

देखभालीत फार काही नाही, पण ती वेळच्या वेळी लागते. दर रविवारी थंड टायरमध्ये हवा. दर ५०० किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब, पावसात त्याच्याही आधी. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. फार ताणली तर सस्पेन्शन दबताना ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो. ऑइल आणि ब्रेक फ्लुइड मॅन्युअलच्या वेळापत्रकाने. कुठलंही गॅरेज "अजून चालेल" म्हणालं तरी आपली नोंद आपल्याकडे हवी.

ही वही मी आईला दाखवली. पेट्रोलच्या पानावर ती थोडी कुरकुरली. ब्रेकच्या पानावर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "हे दादालाही शिकव."

म्हणून शेवटी एक आवाहन. परीक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता, सरांची परवानगी घेऊन, पार्किंगमागच्या पटांगणावर आपण ब्रेकिंगची प्रॅक्टिस करणार आहोत. ताशी ३० पासून सुरुवात. आधी फक्त मागचा, मग दोन्ही, पुढचा हिसका न देता वाढवत दाबायचा. खडूने रेघा मारून अंतर मोजायचं. स्कूटरवाल्यांनीही यावं. हेल्मेट, बूट आणि फुल पँट नसेल त्याला नुसतं बघायला मिळेल. खडू आणि मेजर टेप मी आणते.