मजुरी कोण ठरवतो?



"कबूल केली तेवढी मजुरी दिली, मग अन्याय कुठे झाला?" हा प्रश्न पुष्कळदा कानी येतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात त्याचे उत्तर दिले आहे. गरजेपोटी किंवा अधिक वाईट पाळी येईल या भीतीने मजुराने कमी मजुरी मान्य केली, तर ती खरी संमती नव्हे. त्याच्यावर झालेली ती बळजबरीच. संघटना बांधण्याचा कामगारांचा हक्कही त्यांनी याच परिपत्रात मान्य केला. एकट्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, दहा जणांना परवडते.

मुंबईच्या माथाडींचे उदाहरण घ्या. बाजारात गोणी वाहणारा हमाल एका दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवायचा. मग त्याचा मालक कोण? कुणीच नाही! मजुरी मुकादमाच्या हातून यायची; भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली आणि लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. आता व्यापारी व कामगार दोघांची नोंद मंडळाकडे होते. व्यापारी ठरलेली मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते, लेव्हीतून निधी, बोनस, औषधोपचार भागवते. मंडळावर कामगार, मालक आणि शासन या तिघांचेही प्रतिनिधी असतात. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

संघटना असली की सारे साधतेच असे मात्र नाही. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ तर मिळाली नाहीच, हजारोंची नोकरी गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रात संपाचा हक्क मानला, पण तो शेवटचा उपाय म्हणून.

आणि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी? त्या प्रत्येक घरी एकट्या असतात. त्यांचा दर मात्र इमारतीतल्या घरमालकिणी आपसात ठरवतात. तीही एक युनियनच म्हणायची! घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. मावशींना मंडळाच्या नोंदणीसाठी किंवा संघटनेच्या सभेला जायचे असेल, तर त्या दिवसाचे पैसे कापू नयेत.