रक्ताच्या कर्करोगानंतरची हाडदुखी : रायपूरच्या संदर्भात एक अभ्यास

कर्करोगावरील उपचारांच्या यशाचे मोजमाप सर्वसाधारणपणे एकाच आकड्याने केले जाते. निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, हा तो आकडा होय. सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनासाठी तो आवश्यकच आहे. परंतु हयात असलेले रुग्ण कसे जगत आहेत, हे त्यातून कळत नाही. रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या अनेकांना पुढे महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षे, हाडांच्या व सांध्यांच्या वेदना सोसाव्या लागतात. रक्ताचा अहवाल निर्दोष असतो आणि रुग्णाला जिना चढवत नाही. कुटुंबाला आणि कधीकधी डॉक्टरांनाही ही तक्रार दुय्यम वाटते, कारण मोठे संकट तर टळलेले असते. वस्तुतः या वेदनेला निश्चित कारणे आहेत, त्यांपैकी बहुतेक शोधता येतात आणि वेळीच शोधल्यास कायमचे अपंगत्व टाळण्याची संधी मिळते. आरोग्य सेवेची रचना अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा विषय म्हणूनच महत्त्वाचा आहे.

रायपूर : उपचार घराजवळ आले

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. रायपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीचे, १९६३ सालचे आहे. त्याला जोडलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय शहरात ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाते आणि प्रादेशिक कर्करोग केंद्र याच आवारात आहे. तरीही गुंतागुंतीच्या रक्तरोगांसाठी हावडा-मुंबई लोहमार्गाने नागपूर किंवा थेट मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठणे, हा या भागातील कुटुंबांचा परिपाठ होता. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यातील सहा ‘एम्स’ संस्थांपैकी एक २०१२ मध्ये रायपुरात सुरू झाली. २०१८ मध्ये नवा रायपूर येथे बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला आणि प्रत्येक पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण मिळाले. राज्यानेही २०२० मध्ये डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने स्वास्थ्य सहायता योजना सुरू केली.

उपचार जवळ आणि आवाक्यात आले की ते पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढते आणि उपचारोत्तर त्रासांसह जगणाऱ्यांचीही संख्या तितकीच वाढत जाते. आरोग्य व्यवस्थेच्या यशातूनच हा नवा प्रश्न निर्माण झाला आहे.

वेदना कोठून येते

‘रक्ताचा कर्करोग’ हा एक आजार नाही. लहान मुलांत अधिक आढळणारा तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, मध्यम वयात दिसणारा दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया आणि उतारवयातील मल्टिपल मायलोमा हे त्याचे तीन परस्परभिन्न प्रकार येथे विचारात घेऊ. तिन्हींचे मूळ अस्थिमज्जेशी निगडित आहे, परंतु उपचारानंतरच्या वेदनेची कारणे निरनिराळी आहेत.

लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाच्या औषधोपचारात दोन भारतीय धागे आहेत. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी या रोगाने आजारी असलेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन देऊन तात्पुरती रोगमुक्ती साधली. हे औषध सिद्ध करणाऱ्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. दुसरे औषध व्हिनक्रिस्टिन. ते आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. यांच्या जोडीला प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडे दिली जातात. उपचार सुमारे दोन ते तीन वर्षे चालतात आणि प्रगत देशांत आज या आजाराची सुमारे ९० टक्के मुले पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात.

याच औषधांचे ऋण हाडांना फेडावे लागते. स्टिरॉइडांमुळे हाडांची घनता घटते आणि ती ठिसूळ होतात. त्याहून गंभीर परिणाम म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, अर्थात रक्तपुरवठा खुंटल्याने हाडाचा भाग मृत होणे. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक, जे खुब्याच्या खोबणीत फिरते, ते याला सर्वाधिक बळी पडते. त्याखालोखाल गुडघा येतो. दहा वर्षांखालील मुलांपेक्षा किशोरवयीनांत हा धोका बराच अधिक असतो. आरंभी चालताना जांघेत दुखते. पुष्कळदा वेदना गुडघ्यात जाणवते आणि दोष खुब्यात असतो, त्यामुळे गुडघ्याचीच तपासणी होत राहते. साधे क्ष-किरण चित्र सुरुवातीच्या अवस्थेत निर्दोष येऊ शकते, एमआरआय मात्र बदल लवकर दाखवतो. हाडाचे गोल टोक खचण्यापूर्वी निदान झाले तर भार कमी करणे, व्यायाम आणि काही रुग्णांत हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करणारी शस्त्रक्रिया, असे मार्ग उरतात. खचल्यानंतर बहुधा कृत्रिम खुब्याचाच विचार करावा लागतो आणि विशीतील रुग्णास तो आयुष्यात एकदा बसवून भागत नाही.

व्हिनक्रिस्टिनचा परिणाम नसांवर होतो. तळपायांची जळजळ, मुंग्या, पाऊल उचलताना अडखळणे ही लक्षणे रुग्ण अनेकदा ‘हाडे दुखतात’ या शब्दांतच सांगतो. या वेदनेवर नेहमीची वेदनाशामके फारशी उपयोगी पडत नाहीत. नसांच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधे डॉक्टर देतात. म्हणजे रुग्णाचा शब्द एकच असला तरी उपचार पूर्णतः बदलतो.

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे चित्र २००१ मध्ये इमॅटिनिब आल्याने पालटले. या औषधाच्या पेटंटवरील नोव्हार्टिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिलेला निर्णय आणि पेटंट कायद्याचे कलम ३(ड) विद्यार्थ्यांना परिचित असेल. त्या निर्णयामुळे स्वस्त भारतीय पर्यायांचा मार्ग खुला राहिला. गोळी रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावयाची असल्याने स्नायूंतील पेटके व हाडदुखी हा तिच्या सोबतीचा त्रास ठरतो. रोग दीर्घकाळ पूर्ण नियंत्रणात राहिल्यावर वैद्यकीय देखरेखीखाली गोळी थांबवता येते. पण गंमत अशी की, काही रुग्णांत वेदना गोळी थांबवल्यानंतरच सुरू होते. ती बहुधा काही आठवडे वा महिन्यांत ओसरते, परंतु आधी कल्पना नसेल तर रुग्ण रोग परतल्याच्या भीतीने हादरून जातो.

मल्टिपल मायलोमात हाडांना रोगच पोखरतो. रोग आटोक्यात आला तरी पडलेली छिद्रे सहसा भरून येत नाहीत आणि खचलेले मणके पूर्ववत होत नाहीत. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधे हाडांची झीज रोखतात. मात्र ती चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो, म्हणून दंतवैद्यास त्याची पूर्वकल्पना देणे आवश्यक ठरते.

स्थानिक परिस्थितीची भर

छत्तीसगडमध्ये हाडदुखीचे निदान करताना आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली सिकलसेल. मध्य भारताच्या या पट्ट्यात, आणि सीमेपलीकडे गोंदिया-गडचिरोलीतही, हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यातही हाडांच्या तीव्र वेदना होतात आणि खुब्याचे हाड मृत होते. लंगडणाऱ्या तरुणास पाहून सिकलसेलचा तर्क होणे स्वाभाविक आहे. ल्युकेमियाच्या उपचारांचा पूर्वेतिहास विचारलाच गेला नाही, तर खरे कारण निसटते. या विकाराच्या निर्मूलनासाठीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले असून त्याचे लक्ष्यवर्ष २०४७ आहे. दुसरी गोष्ट भूजलातील फ्लोराइड. राज्याच्या काही भागांत त्यामुळेही सांधे आखडतात व हाडे दुखतात.

वेदना आणि भीती

रक्ताच्या कर्करोगात हाडदुखी हे कित्येकदा पहिले लक्षण असते. म्हणून उपचारानंतर हाड दुखू लागले की रोग उलटला काय, ही शंका येणारच. तिला ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावणे चुकीचे आहे. दिवसेंदिवस वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सोबत ताप, वजनातील घट, अंगावर निळसर डाग किंवा रक्तस्राव असल्यास रक्ततपासणी विनाविलंब व्हावी. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाणे वा लघवीवरील नियंत्रण सुटणे ही तातडीची अवस्था होय, कारण मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. तपासणीत रोग परतलेला नसल्याचे निष्पन्न झाले, तरी वेदना खोटी ठरत नाही. तिचे कारण अन्यत्र शोधावयाचे असते.

दीर्घकाळ टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील बनते. अपुरी झोप, नैराश्य आणि काम बुडाल्याची चिंता वेदनेची तीव्रता वाढवतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली, तीत शरीराबरोबर मन, कुटुंब आणि अर्थस्थिती यांचाही समावेश होता. ती मरणासन्न रुग्णांच्या सेवेतून पुढे आली असली, तरी बरे झालेल्यांनाही तितकीच लागू पडते.

वेदनेसह दैनंदिन जीवन

विश्रांती हा वेदनेवरील सहज सुचणारा उपाय, परंतु दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात आणि हाडे अधिकच विरळ होतात. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ठरवलेले, थोडे पण नियमित चालणे व मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हा उपचाराचा गाभा मानला जातो. खुब्याचे हाड बाधित असल्यास मात्र उड्या, धावणे, ओझे उचलणे टाळावे लागते. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरल्याने खुब्यावरील भार लक्षणीय कमी होतो. ही बिनखर्चाची युक्ती अनेकांना कोणी सांगतच नाही, आणि विशीतल्या मुलाला काठी धरण्याचा संकोच वाटतो तो वेगळाच.

उकिडवे बसणे आणि मांडी घालून बसणे आपल्या जीवनपद्धतीत पदोपदी येते. भातशेतीच्या या प्रदेशात लावणीच्या हंगामात तासन्‌तास वाकून चिखलात उभे राहावे लागते. रुग्णास खुर्चीवजा शौचकूप, जेवणासाठी पाट व जमिनीऐवजी टेबल-खुर्ची आणि शेतात बसून करता येण्याजोगे काम मिळाले, तर औषधाची मात्राही कमी ठेवता येते. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता तपासून भरून काढणे हेही तितकेच आवश्यक आहे.

वेदनाशामकांबाबत सावधगिरी हवी. दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, मायलोमाच्या रुग्णांत तर विशेषच. बिंबाणू कमी असताना त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले तरी त्यालाही दैनिक मर्यादा आहे. मॉर्फिनसारखी औषधे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कठोर तरतुदींमुळे दुर्मीळ झाली होती. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून वैद्यकीय उपलब्धतेची वाट सुकर केली. तथापि वर्षानुवर्षांच्या हाडदुखीवर ती पहिली निवड नव्हेत. सवय लागण्याचा धोका अशा रुग्णांत दीर्घ आयुष्यामुळेच वाढतो.

व्यवस्थेतील रिक्त जागा

जन आरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयातील दाखल उपचारांशी जोडलेले आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात येतात. खुबारोपण होऊ शकते, पण ते टाळण्यासाठी लागणारा बाह्यरुग्ण विभागातील सल्ला, फिजिओथेरपी व रोजच्या गोळ्या सामान्यतः त्याबाहेर राहतात. बस्तरमधील जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर आहे. तपासणीच्या एका फेरीत दोन दिवसांची मजुरी जाते. रेल्वेची भाडेसवलत कर्करुग्णास नियतकालिक तपासणीच्या प्रवासासाठीही मिळते, हे मात्र जमेस धरले पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्तविकार आहेत, रक्ताचा कर्करोग नाही. त्यामुळे खुबा निकामी झालेल्या ल्युकेमियामुक्त तरुणास चलनवलनविषयक दिव्यांगता या वर्गातूनच प्रमाणपत्र मागावे लागते आणि लाभांसाठी ती किमान ४० टक्के असावी लागते. वेदना टक्केवारीत सहज बसत नाही, ही येथील खरी अडचण आहे.

उपचारोत्तर काळजीची कल्पना भारतात नवी नाही. कर्करोगातून गेलेले अमेरिकी डॉक्टर फिट्झह्यू मुलन यांनी १९८५ मध्ये ‘कर्करोगोत्तर जीवन’ ही स्वतंत्र अवस्था असल्याचे मांडले आणि त्यानंतर काही वर्षांतच, १९९१ मध्ये, टाटा स्मारक रुग्णालयाने बालवयात बरे झालेल्यांसाठी खास चिकित्सालय सुरू केले. तेथे रुग्ण मोठा झाल्यावरही त्याची वाढ, हृदय व अन्य उशिरा दिसणारे परिणाम तपासले जातात. अशी सोय मुख्यतः मोठ्या केंद्रांपुरती सीमित राहिली आहे.

जिल्हा पातळीवर काही साधने आता उपलब्ध आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धसेवा व परिहार सेवेचा समावेश आहे. ई-संजीवनीद्वारे दूरस्थ सल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मानसिक आधारसेवा चालू आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोग दिवस-उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली, त्यांपैकी २०० त्याच वर्षी. ही केंद्रे केवळ रसायनोपचाराच्या खाटा ठरतील की बरे झालेल्यांच्या तपासणीचेही ठिकाण, हे पुष्कळ अंशी एका कागदावर अवलंबून आहे. कोणते औषध, स्टिरॉइडची किती मात्रा, किती काळ दिली आणि पुढे कोणत्या हाडांवर लक्ष ठेवावे, याची नोंद असलेला उपचार-सारांश रुग्णाच्या हाती असेल, तर जगदलपूर किंवा गोंदियाच्या डॉक्टरांना जांघेतील दुखणे पाहताच एमआरआय मागवण्याचे कारण सापडेल.