पेशींतील सूत्र आणि त्याचें रंजन

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिला, तर विटांच्या भिंतीसारख्या पुसट रेषांखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं. त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकिला कीं प्रत्येक पेशींत एक गोल ठिपका उमटतो. हें पेशीचें केंद्रक होय. तें आधींही तेथेंच होतें. रंगामुळें तें दृष्टीस पडलें. परंतु रंग नेमका कशास लागला आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

केंद्रकांतील जो पदार्थ रंग चटकन शोषून घेतो, त्यास वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानें सुमारें १८८० सालीं ग्रीक भाषेंतील रंगवाचक शब्दावरून क्रोमॅटिन हें नांव दिलें. आनुवंशिक गुण वाहणारें डी. एन. ए. हें सूत्र आणि कांहीं प्रथिनें मिळून क्रोमॅटिन बनतें, हें पुढें कळलें. १९२४ सालीं रॉबर्ट फॉयल्गेन यानें केवळ डी. एन. ए. ला किरमिजी करणारी रीति प्रसिद्ध केली.

मनुष्याच्या एका पेशींतील हें सूत्र सरळ केल्यास सुमारें २ मीटर भरेल. तें ज्या केंद्रकांत मावतें, त्याचा व्यास मात्र बहुधा मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. एवढें सूत एवढ्याशा डबींत कसें बसतें? मिलीमीटरच्या दहा लक्षाव्या भागास नॅनोमीटर म्हणतात. सूत्राची जाडी अवघी २ नॅनोमीटर, तर साध्या सूक्ष्मदर्शकास सुमारें २०० नॅनोमीटरहून बारीक भेद कळत नाहीं. कारण प्रकाशाच्या लहरीच तितक्या बारीक नसतात.

१९३१ सालीं बर्लिन येथें मॅक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक तयार केला. पण येथें निराळीच अडचण आली. जड अणूंवर आदळून इलेक्ट्रॉन विखुरतात व तेथें चित्रांत काळी छाया पडते. पेशी तर बहुतांशीं कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांची! म्हणून तिला युरेनियम व शिसें यांचे क्षार लावूं लागले. या यंत्रापुरता रंग म्हणजे लाल-निळा नव्हे, तर जड धातु. हे क्षार डी. एन. ए. प्रमाणेंच प्रथिनांनाही चिकटतात. त्यामुळें दाट केंद्रकांत सूत्र कोणतें व प्रथिन कोणतें, हें निवडणें कठीण होतें.

१९७४ सालीं अमेरिकेंत एडा व डोनाल्ड ओलिन्स या दांपत्यानें केंद्रकें पाण्यांत फुगवून फोडलीं, तेव्हां क्रोमॅटिन दोऱ्यांत ओंवलेल्या मण्यांसारखें दिसलें. प्रत्येक मण्यांत प्रथिनाचे ८ रेणू असून त्यांभोंवतीं सूत्राचे दीड-पावणेदोन वेढे असतात. १९७६ सालीं केंब्रिज येथें जॉन फिंच व एरन क्लुग यांनीं, ही माळ वळून ३० नॅनोमीटर जाडीचा दोर होतो, असें मत मांडलें. तो दोर पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांतून छापला गेला. पण तो पाहिला होता तो केंद्रकाबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनमध्यें!

केंद्रकाच्या आंत काय आहे? क्लोडा ओ'शे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं याचा शोध घेतला. त्यांनीं मनुष्याच्या पेशींत प्रथम डी. एन. ए. लाच चिकटणारा एक रंग घातला. त्यावर प्रकाश पाडतांच सभोंवतालचें दुसरें एक द्रव्य त्याच जागीं घट्ट होऊन बसलें. मग त्यावर ऑस्मियम हा जड धातु चढविला. अशा रीतीनें धातु सूत्रावरच बसला. पेशीचे छेद निरनिराळ्या कोनांतून पाहिले, तेव्हां ३० नॅनोमीटरचा तो नेटका दोर आढळला नाहीं. ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वाटेल तशा वळणाऱ्या माळा कोठें विरळ, कोठें दाट भरलेल्या दिसल्या.

विद्यार्थीमित्रहो, प्रयोगवहींत आकृति काढाल तेव्हां तिच्याखालीं पदार्थ कसा सिद्ध केला व कोणता रंग दिला, हेंही लिहीत जा. आकृतीवर विश्वास किती ठेवावा, हें त्या एका ओळीवरून ठरतें.