'मिसडिमीनर' म्हणजे फक्त किरकोळ गुन्हा?



इंग्रजी गोष्टी वाचताना मुलं विचारतात, "मिसडिमीनर म्हणजे काय?" आपण शब्दकोश बघून 'किरकोळ गुन्हा' असं सांगतो. पण इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अर्धवट आहे.

देशद्रोह सोडला तर तिथे पूर्वी गुन्ह्यांचे दोन मुख्य गट होते.

फेलनी : खून, दरोडा, चोरी इत्यादी. यात गुन्हेगाराची मालमत्ता जप्त व्हायची, अनेकदा फाशीही व्हायची.

मिसडिमीनर : बाकीचे गुन्हे. शिक्षा साधारणपणे दंड किंवा कैद.

आता गंमत बघा. कोर्टात खोटी साक्ष देणं हे मिसडिमीनर आणि साधी चोरी मात्र फेलनी! म्हणजे गुन्ह्याचं नाव नेहमी त्याच्या गांभीर्यावरून ठरत नव्हतं. 1870 साली मालमत्तेची जप्ती बंद झाली आणि फरक पुसट झाला. 1967 च्या क्रिमिनल लॉ ॲक्टने तर हे दोन गटच मोडीत काढले. आता तिथे खटला कुठे चालणार यावरून प्रकार पडतात :

1. समरी : मॅजिस्ट्रेट कोर्टात
2. इंडिक्टेबल ओन्ली : क्राउन कोर्टात
3. आयदर वे : दोन्हींपैकी एकीकडे

अमेरिकेत मात्र जुने शब्द अजून चालू आहेत.

आपल्याकडचा 'अदखलपात्र' हा शब्दही याचा नेमका प्रतिशब्द नाही. त्या गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून मुलांनी विचारलं, की आधी विचारा, "गोष्ट कुठल्या देशातली, कुठल्या काळातली?" मगच अर्थ सांगा.