विजेवर पळणारी शर्यतीची मोटार
(इयत्ता ४ थी)

आपल्या रस्त्यावर वडापच्या जीपगाड्या असतात. पुष्कळशा महिंद्राच्या. त्यात मागे आठ-दहा जण दाटीवाटीने बसतात. पण मुंबईच्या त्याच महिंद्रा कंपनीच्या एका गाडीत फक्त एकच माणूस बसतो. डबा ठेवायलाही जागा नाही!

ही गाडी फॉर्म्युला ई नावाच्या शर्यतीत पळते. सगळ्या गाड्या विजेच्या. पहिली शर्यत २०१४ साली चीनमध्ये बीजिंगला झाली. महिंद्राचा संघ तेव्हापासून आहे. तेव्हा बॅटरी शेवटपर्यंत पुरायची नाही, म्हणून चालक मध्येच उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा. १० जून २०१७ रोजी बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्ट याने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला.

२०२३ ची गाडी एम-९ इलेक्ट्रो. या पिढीच्या गाड्यांचा वेग ताशी ३२० किलोमीटरपर्यंत सांगतात. सांगाडा व बॅटरी सर्व संघांना सारखीच. मागची मोटार ज्याची त्याची.

मला तिचे ब्रेक फार आवडले. पसरणी घाट उतरताना गाड्यांचे ब्रेक तापून वास येतो ना? ती उष्णता फुकट जाते. सायकलला डायनामो लावला की दिवा लागतो, पण पायडल जड होते. इथेही तसेच. वेग कमी करताना चाकेच मोटार फिरवतात, वीज तयार होऊन बॅटरीत जाते आणि गाडी हळू होते. पुढची मोटार तर एवढ्याच कामाला ठेवली होती. शर्यतीत वापरलेल्या विजेतली निदान ४० टक्के अशी मिळते. म्हणजे ६ भाग वीज भरली तर १० भागांचे काम होते. मग गाडी कधीच भरावी लागणार नाही का, असे दादाने विचारले. तसे नाही, दर वेळी थोडी वीज वाया जातेच.

जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोला लुकास डी ग्रासी या गाडीत तिसरा आला. ११ फेब्रुवारीला हैदराबादला शर्यत झाली, भारतातली या प्रकारातली पहिलीच. त्यानंतर केपटाऊनला मागच्या चाकांच्या सस्पेन्शनबद्दल शंका आली. संघाने दोन्ही गाड्या शर्यतीआधीच काढून घेतल्या.

वर्गातली मुले म्हणाली, घाबरले! मला नाही पटत. वाईकडच्या माझ्या आजोबांनी एकदा कण्याला तडा दिसला म्हणून जत्रेतून छकडा न पळवताच परत आणला होता. लोक हसले. आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण कणा बदलला.

महिंद्राच्या गाड्या पुढच्याच महिन्यात ब्राझीलमध्ये साओ पावलोला परत उतरल्या.