बिघडलेली फ्लॉपी
लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली निव्वळ हौसेखातर 'लिनक्स' ही संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. १९९३ साली निघालेला तिचा 'स्लॅकवेअर' हा संच हौशी मंडळी दूरध्वनीच्या तारेवरून तासन्‌तास उतरवून घेत व फ्लॉपींवर भरीत. एका फ्लॉपीत अवघे १.४४ मेगाबाइट मावत! तिच्या चुंबकीय लेपावर ओरखडा पडला, की निम्म्या वाटेवर काम अडे. अशा वेळी सगळा संच टाकून देणे हा उतावळेपणाच. जाणता मनुष्य तीच फाइल प्रथम दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर उतरवी. काम पुढे सरकले, तर दोष पहिल्या फ्लॉपीचा. न सरकल्यास तो फाइलीची पडताळणी-संख्या मूळ संख्येशी ताडून पाही. जुळली नाही, तर फाइल वाटेतच बिघडलेली. ती पुन्हा आणावी लागे. जुळली, तर संशय ड्राइव्हवर. त्याच्या शीर्षावर पुष्कळदा धूळ साचलेली असे.